दीड कप ऑइल

किसन मिस्त्रीला कुणी साधं "आज ऊन लई हाय" म्हटलं तरी तो हातातला पाना खाली ठेवून विचारायचा, "कोन म्हंतंय?" समोरचा गडबडून "मीच म्हंतोय की" म्हणाला की पुढचा प्रश्न तयार असे, "बगितलं का ऐकलं?" मग तो स्वतः उठून गॅरेजच्या दारापर्यंत जायचा, कपाळावर आडवा हात धरून आभाळाकडं बघायचा आणि परत येऊन सांगायचा, "हाय." त्यानं असं सांगितल्यावरच छावणीत ऊन पडलं असं धरायला हरकत नसे.

छावणीच्या बाजारामागं त्याचं गॅरेज होतं. शहराचं नाव तेव्हा औरंगाबाद होतं आणि माझी स्कूटर नवी होती. मी जवळच्या शाळेत विज्ञान शिकवायचो. स्कूटरचा ब्रेक नीट करून घ्यायला म्हणून एकदा गेलो, तो पुढची बारा वर्षं शाळा सुटली की तिथं चहाला जात राहिलो. ब्रेक पहिल्याच दिवशी नीट झाला होता.

मिस्त्री उंच, जरा वाकलेला. डावा डोळा बारीक करून बघायची त्याला सवय होती. मारुतीच्या पाया पडतानासुद्धा तो मूर्ती नीट बसवली आहे का तेच बघतोय असं वाटायचं. हत्यारांच्या पेटीची किल्ली कमरेच्या करदोट्याला बांधलेली असे. पेटी उघडायची म्हणजे आधी सदरा वर, मग धोतराची गाठ सैल, मग किल्ली. एवढ्या वेळात गिऱ्हाईक दुसरीकडं जाऊन काम उरकून आलं असतं. कुठलाही नटबोल्ट आवळला की त्यावरून बाहेरच्या पत्र्यापर्यंत तो पिवळ्या रंगाची एक रेघ ओढायचा. रेघ तुटली म्हणजे आपल्या पाठीमागं कुणीतरी हात लावला. माझ्या स्कूटरला अशा इतक्या रेघा होत्या की शाळेतली मुलं तिला हळदीची नवरी म्हणायची.

ऑइलचा डबा सीलबंद आला तरी त्याचा विश्वास बसत नसे. दोन बोटांत चोळून, वास घेऊन, वर्तमानपत्राच्या तुकड्यावर एक थेंब टाकून तो कसा पसरतो ते बघायचा. मुक्कामाला राहिलेल्या प्रत्येक गाडीखाली वर्तमानपत्र अंथरलेलं असे. सकाळी आल्याबरोबर तो गुडघे टेकून त्यावरचे डाग बघायचा, आणि डाग नसला तर जास्तच काळजीत पडायचा.

हे कुठून आलं असेल, याचा मी पुष्कळ विचार केलाय. तो सोयगावकडचा. निजामाविरुद्धच्या पोलीस ॲक्शनच्या वर्षी सहा-सात वर्षांचा असेल. त्या दिवसांत दार वाजलं की त्याची आजी आधी फटीतून बघायची, आवाज ओळखीचा असला तरी बघायची, हे त्यानंच मला एकदा सांगितलं होतं. पण त्या गावातली बाकीची पोरंही त्याच फटींमागं वाढली होती आणि ती काही अशी झाली नाहीत. तेव्हा मी तो विचार सोडून दिला. माणूस असतो तसा असतो.

आणि त्याचा संशय दर वेळी वाया जायचा असंही नाही. त्याचा मेहुणा दगडू, म्हणजे बायकोचा धाकटा भाऊ, त्याच्याच हाताखाली काम करायचा. दगडूच्या लग्नात वरातीची जीप सजून उभी, नवरदेव बाशिंग बांधून बसलेला, वाजंत्री सुरू झालेली, आणि आमचा मिस्त्री नव्या धोतरात जीपखाली आडवा. सासरकडची मंडळी चिडली. मुलीचा मामा म्हणाला, "अहो, जीप आमच्या घरची हाय, नवीकोरी हाय." खालून आवाज आला, "कोन म्हंतंय?" थोड्या वेळानं मिस्त्री बाहेर आला तेव्हा त्याच्या तळहातावर मागच्या चाकाचे दोन नट होते, बोटांनी फिरवून निघालेले. वरात अर्धा तास उशिरा निघाली आणि तो मामा जेवणात मिस्त्रीला आग्रह करकरून वाढत होता. असं दहात तीनदा व्हायचं. उरलेल्या सात वेळा बिचारं गिऱ्हाईक ताटकळायचं, पण त्या तिनांमुळं त्याला कुणी बोलू शकत नसे.

दगडू त्याच्या अगदी उलट. बुटका, हसरा, कशावरही चटकन विश्वास ठेवणारा. दाजींचं बोलणं तो एका कानानं ऐकायचा आणि काम मन लावून करायचा. बारीक अंगाचा असल्यानं गाडीखालची कामं त्याच्याकडं. दोघांचे जेवणाचे डबे कौसावहिनी, म्हणजे मिस्त्रीची बायको, गॅरेजमागच्या घरातून एकदमच पाठवायच्या. सारखेच दोन स्टीलचे कडीचे डबे. दगडूच्या डब्यात एक भाकरी जास्त असते असा मिस्त्रीचा संशय होता. मी बघितलंय, एक जास्त असायची.

छर्ऱ्यांची गोष्ट सांगायलाच हवी, कारण पुढं तिचा संबंध येतो. बेअरिंग उघडलं की लोखंडी छर्रे मोजून वाटीत ठेवायचे आणि संध्याकाळी एखादा कमी भरायचा. मिस्त्रीचा संशय आधी गोट्या खेळणाऱ्या पोरांवर, मग भंगारवाल्यावर, मग चार दिवस माझ्यावर. पाचव्या दिवशी दगडूवर आला. गॅरेजच्या मागच्या भिंतीशी पाणी जायला एक नाली होती, तिच्या तोंडाशी दगडूनं खिडकीच्या जाळीचा तुकडा बसवला. आठवड्यानं मिस्त्रीचा हात धरून तिथं नेलं. जाळीपाशी नऊ छर्रे आणि दोन वायसर गोळा झालेले. "हे बगा तुमचे चोर," दगडू म्हणाला. तेव्हापासून काही पडलं की सगळे न बघता मागच्या जाळीकडं जायचे. मीही एकदा हातातून पडलेलं शर्टचं बटण तिथूनच उचलून आणलं. असं सगळं तिकडंच का जातं, हे आम्हाला कुणालाच विचारावंसं वाटलं नाही.

गॅरेजची फरशी मिस्त्रीचा अभिमान होता. गवंड्यावर विश्वास नाही म्हणून तीन दिवस त्यानं शेजारी उभं राहून ती घालून घेतली होती. "पान्याचा एक थेंब थांबत न्हाय हितं," तो नव्या माणसाला सांगायचा. आणि खरंच, बादलीभर पाणी ओतलं की ते सरळ मागं नालीत जायचं.

तर आता डॉक्टर. आमच्या भागात दातांचे एक डॉक्टर होते, वैजापूरकर. स्वभावानं गरीब, दात काढतानाही रुग्णाची माफी मागणारे. पण गाडीत बसले की वेगळाच माणूस व्हायचे. चिकलठाण्याला कारखान्यांच्या वसाहतीत मागच्या अंगाला रस्ते झाले होते आणि कारखाने अजून यायचे होते. तिथं हौशी लोक सुट्टीच्या सकाळी परवानगी काढून गाड्या पळवायचे. चौकोनी रस्ता, चार वळणं, चारही डावीकडची, आणि पंधरा फेऱ्या. डॉक्टरांची गाडी जुनी, मागच्या चाकांवर चालणारी, पेटीसारखी. ती मिस्त्रीच्या हवाली. वेळ मोजायला घड्याळ घेऊन मी. माझं घड्याळ मिस्त्री दर शर्यतीआधी रेडिओच्या ठोक्यांशी लावून बघायचा आणि मग नाइलाजानं मला परत द्यायचा.

अशा गाडीच्या मागच्या दोन चाकांमध्ये एक लोखंडी गोळा असतो. इंजिनाची ताकद तिथून दोन्ही चाकांना जाते. मिस्त्री लोक त्याला डिफ्रन्सल म्हणतात. आत दातेरी चाकं जाड ऑइलमध्ये फिरत असतात. गोळ्याच्या मागच्या अंगाला एक भोक असतं; त्यातून ऑइल भरायचं आणि काठाशी येऊन सांडायला लागलं की बूच लावायचं, एवढी साधी रीत. तापल्यावर आतली हवा फुगते, ती जायला वरच्या बाजूला पेराएवढी एक टोपी असते, तिला ब्रीदर म्हणतात. बाजारहाट करणाऱ्या गाडीत तिथून नुसती हवा येते. पण गाडी पंधरा फेऱ्या जीव तोडून पळवली, सारखी एकाच बाजूला वळवली, तर ऑइल फेसाळतं, दुसऱ्या बाजूला चढतं आणि हवेच्या मागोमाग बाहेर पडतं. आमच्या गाडीची टोपी उजव्या चाकाच्या बाजूला होती. वळणं डावीकडची, म्हणजे ऑइल उजवीकडंच धावणार. हे आज मी फळ्यावर चित्र काढून समजावीन. तेव्हा सुचलं नाही.

त्या शर्यतीच्या आदल्या आठवड्यात दगडू गाडीखालून बाहेर आला आणि म्हणाला, "दाजी, ब्रीदरपाशी वल्लं दिसायलंय."

"कोन म्हंतंय?"

"मी म्हंतो की."

"बगितलं का ऐकलं?"

"बगितलं. बोट बी लावलं."

मिस्त्री खाली गेला, फडक्यानं पुसलं आणि म्हणाला, "जुनं हाय." विषय संपला. मी तिथंच चहा पीत होतो.

शर्यतीच्या दिवशी आठव्या फेरीपर्यंत डॉक्टर दुसऱ्या नंबरवर होते. नवव्या फेरीत गाडीमागून निळसर धूर दिसला. दहाव्या फेरीत तिसऱ्या वळणावर गाडीचं मागचं अंग असं सरकलं, जणू खालून कुणी चादर ओढली, आणि गाडी दोन गिरक्या घेऊन मुरमाच्या ढिगावर आदळली. मिस्त्री धावत गेला. आधी डॉक्टरांना बाहेर काढलं. उजवं मनगट मोडलं होतं. दातांच्या डॉक्टरचं उजवं मनगट. त्यांना दगडूबरोबर जीपमध्ये घालून पाठवल्यावर मिस्त्री गाडीमागं बसला. उजवं चाक आतून काळंशार भिजलेलं. त्यानं बोट फिरवलं, वास घेतला. मग बुचाकडं बघितलं. पिवळी रेघ जशीच्या तशी होती.

रेघ शाबूत, म्हणजे बाहेरच्या कुणी हात लावला नाही. म्हणजे जे झालं ते आतल्या माणसानं, बूच लावायच्या आधी केलं. ऑइल भरलं होतं दगडूनं. मिस्त्रीचा हा हिशेब माझ्यासमोर, त्या मुरमाच्या ढिगापाशी, दोन मिनिटांत झाला. आणि दगडूनं आठवडाभर आधी सावध केलं होतं, त्याचंही उलटंच झालं. "त्याला आधीच कसं ठावं होतं, सर?" त्यानं मला विचारलं.

इथं मी गप्प बसायला हवं होतं. पण मला त्या शर्यतीच्या दोन दिवस आधी दगडू चिकलठाण्याच्या रस्त्यावर एका टपरीपाशी दिसला होता. बरोबर पहिल्या नंबरवर येणाऱ्या गाडीचा मिस्त्री. दोघं बाकावर डोकी जवळ करून बोलत होते, आणि दगडू कागदावर काहीतरी उतरवून घेत होता. मी ते सांगितलं.

"कोन म्हंतंय?" मिस्त्रीचा आवाज एकदम बारीक झाला.

"मी म्हणतो."

"बगितलं का ऐकलं?"

"बघितलं," मी म्हणालो.

खोटं काहीच नव्हतं त्यात. दुसऱ्या दिवशी दगडू कामावर आला तेव्हा त्याचा जेवणाचा डबा गॅरेजच्या बाहेर पायरीवर ठेवलेला होता. आत मिस्त्री पाठ करून कार्बोरेटर धूत होता. शाळेला जाता जाता मीही तिथं डोकावलो होतो. दगडू पायरीपाशी थांबला. माझ्याकडं बघितलं. मग डबा उचलून निघून गेला. दुपारच्या गाडीनं तो बायको-पोरीला घेऊन सोयगावला गेला असं संध्याकाळी कळलं. छावणीत लोकांना सांगावंच लागलं नाही. मेहुण्यानं शर्यत विकली, हे आठ दिवसांत सगळ्या बाजाराला तोंडपाठ. सोयगावातही ती बातमी त्याच्या आधी पोचली असणार. हात काळे करून पोट भरणाऱ्या माणसाकडं दुसरं असतं काय? त्याच्या हातावर लोकांचा भरवसा असतो, तेवढंच. तो आम्ही दोघांनी मिळून काढून घेतला होता.

कौसावहिनींनी नवऱ्याशी बोलणं सोडलं. डबा यायचा, वेळेवर यायचा, पण एकच.

डॉक्टरांनी कुणाला दोष दिला नाही. प्लास्टरमधला हात गळ्यात घेऊन ते आले आणि म्हणाले, "मिस्त्री, यंत्र आहे, होतं असं." मिस्त्री म्हणाला, "कोन म्हंतंय होतं?" आणि आता गाडीला दुसऱ्या कुणाचा हात लागू द्यायचा नाही असं ठरवून त्यानं सगळं स्वतः केलं. जुनं ऑइल काढलं, नवं स्वतः भरलं, बूच स्वतः लावलं, रेघ स्वतः ओढली. एका सुट्टीच्या सकाळी रिकाम्या रस्त्यावर स्वतः बारा फेऱ्या मारल्या. उजवं चाक पुन्हा भिजलं.

त्याचा चेहरा मला आठवतो. राग नव्हता, भीती होती. दगडू तर सोयगावला. मग त्यानं ऑइलवाल्यावर संशय घेतला, दुकान बदललं. ब्रीदरवर घेतला, टोपी नवी घातली. पुन्हा तेच. मग आठवडाभर माझ्यावर. मी गाडीपासून दहा पावलं लांब बसून चहा प्यावा असं ठरलं. मी बसलो. मला ते बरंच वाटलं, खरं सांगायचं तर.

शेवटी कौसावहिनी बोलल्या. डबा घेऊन स्वतः आल्या, तो त्याच्यापुढं आदळला आणि म्हणाल्या, "दूध उतू जायलं तर दुधावर वहीम घेता का? पातेलं भरलं किती ते बगावं मान्सानं."

"भोकापतूर भरलंय. जास्त बसतच न्हाय त्यात. जास्त झालं की सांडतंय."

"मंग सांडू द्या की," म्हणून त्या निघून गेल्या.

मिस्त्रीनं जेवण केलं नाही. गाडी मागच्या भिंतीकडं तोंड करून उभी होती, गॅरेजात सगळ्याच गाड्या अशाच लागायच्या. त्यानं पुन्हा ऑइल भरलं, काठाशी येऊन थेंब पडल्यावर बूच लावलं. मग काय मनात आलं कोण जाणे, गाडी मागं घेऊन समोरच्या सपाट रस्त्यावर नेली. वीस-पंचवीस पावलं. वाटेत कुणी काही केलं का, तेच बघायचं असणार त्याला; दुसरं काही सुचण्यातला तो नव्हता. पोतं अंथरून मागं आडवा झाला आणि बूच सैल केलं.

ऑइल भळाभळा आलं. त्यानं घाईनं चहाचा कप खाली धरला. तो भरला, दुसरा अर्धा भरला, मग धार थांबली.

"सर," तो पडल्या पडल्या म्हणाला, "आत बरोबर हुतं. भाईर दीड कप जास्त. मदी कोन आलं?"

"कुणी नाही. मी इथंच होतो."

त्यानं डावा डोळा बारीक करून माझ्याकडं बघितलं, मग गॅरेजकडं. बराच वेळ तो गॅरेजकडं बघत राहिला. मग उठून आत गेला, वाटीतला एक छर्रा घेतला आणि गाडी उभी असायची त्या जागी, फरशीवर अलगद ठेवला. छर्रा क्षणभर थांबला, हलला, आणि इतकी वर्षं जायचा तसा आरामात मागच्या जाळीपाशी जाऊन टेकला.

आम्ही दोघांनी तो जाताना बघितला. मी दरवर्षी सातवीच्या मुलांना द्रवाची पातळी शिकवायचो. पाण्याचा थेंब थांबू नये म्हणून त्यानं उभं राहून घालून घेतलेली फरशी मागं उतरती होती. गाडीचं तोंड खाली, शेपूट वर. गोळ्यातलं ऑइल पुढं पळायचं, मागच्या भोकाच्या काठाशी यायला जास्त लागायचं. रस्त्यावरच्या गाडीला दीड कप जास्त झाल्याचं कधी कळत नाही. शर्यतीच्या गाडीला कळलं. दगडूनं भोकापर्यंतच भरलं होतं, शिकवलं तसं.

मिस्त्रीनं तरी खात्री केली. गवंड्याकडून पाणी भरलेली पारदर्शक नळी आणून एक टोक मला धरायला लावलं, दुसरं स्वतः धरलं. गाडीच्या लांबीत चांगला वीतभर उतार. नळी खाली ठेवून तो फरशीवरच बसला. "म्या उभा व्हतो, सर," तो म्हणाला. "तीन दिस. म्या सवता बगितलं." आणि मग तो रडला. मी त्याला रडताना कधी पाहिलं नव्हतं, आणि काय करावं मला कळेना, म्हणून मी जाऊन तो छर्रा उचलून आणला आणि वाटीत ठेवला.

दुसऱ्या दिवशी आम्ही सोयगावला गेलो. दगडूनं बाजारपेठेच्या टोकाला पत्र्याच्या शेडात पाण्याच्या इंजिनांची दुरुस्ती सुरू केली होती. काम फारसं दिसत नव्हतं. आम्हाला बघून तो उठला, हात पुसले, मला खुर्ची दिली, दाजींना पोतं झटकून दिलं. मिस्त्री बसला नाही. खिशातून छर्रा काढला आणि दगडूच्या फरशीवर ठेवला. छर्रा जागचा हलला नाही.

"माझ्याकडं राहून बी फरशी सरळ घातलीस," मिस्त्री म्हणाला.

दगडूला काही कळेना. मग मिस्त्रीनं सगळं सांगितलं, उभ्यानं, एकही गोष्ट न गाळता, आणि शेवटी म्हणाला, "चूक माझी हाय. तुझी न्हाय. हे म्या बाजारात बी सांगनार."

"आणि माझी," मी म्हणालो. "टपरीवरचं मी सांगितलं होतं."

"ते व्हय," दगडू म्हणाला. तो आत गेला आणि एक स्टीलचा कडीचा डबा घेऊन आला. मी ओळखला. पायरीवरचा. झाकणाला दोन भोकं पाडून बारक्या नळ्या बसवल्या होत्या आणि आत भांडी घासायची तार कोंबली होती. "त्या मिस्त्रीची गाडी कोरडी कामून राहती म्हून इचाराया गेलतो. त्यो भला मानूस, कागदावर काढून दिलं. ब्रीदरची टोपी काढायची, रबरी नळी लावायची, ती वर डिकीत न्यायची, डब्यात सोडायची. ऑइल वर आलं तर तारंत आडतंय, डब्यात पडतंय. हवा दुसऱ्या नळीनं भाईर. ते सांगाया आलो तर डबा पायरीवर."

"मंग शर्यतीआदी सांगितलं कामून न्हाईस?"

"तुम्ही म्हनले असते, कोन म्हंतंय."

मिस्त्रीनं वाकून डब्यातली तार बघितली.

"करून ठिवलाय कवाचा," दगडू म्हणाला. "धाडायचं मन झालं न्हाय. तुम्ही म्हनले असते, ह्यात काय घातलंय." त्यानं डबा दाजींच्या हातात दिला. "न्या. डॉक्टरांच्या कामाला येईल."

"चल," मिस्त्री म्हणाला. "तुझा पाना तितंच हाय."

दगडू हसला, नेहमीसारखा, पण मान हलवली. "अक्काकडं येईन, भाऊबीजंला. गॅरेजात न्हाय. तितं काय बी हरवलं की तुमची नजर पयली माझ्याकडं येनार, दाजी. मला आता ती सोसायची न्हाय."

परतीच्या बसमध्ये मिस्त्री डबा मांडीवर घेऊन बसला होता. कंडक्टरनं वर ठेवायला सांगितला तरी ठेवला नाही.

डॉक्टरांचा हात बरा झाला. पुढची सहा वर्षं ती गाडी पळाली. ऑइल सपाट जागी भरलेलं, भोकाच्या काठापेक्षा जरा कमीच, आणि डिकीत तो डबा. शर्यत संपली की मिस्त्री आधी डबा उघडून बघायचा. कधी चमचाभर, कधी तेवढंही नाही. उजवं चाक पुन्हा कधी भिजलं नाही. फरशी मात्र त्यानं फोडली नाही. सुताराकडून वीतभर उंचीच्या दोन लाकडी फळ्या करून घेतल्या, पुढच्या चाकांखाली घालायला. नवं गिऱ्हाईक विचारायचं, ह्या कशाला? मग मिस्त्री हातातलं काम ठेवून पहिल्यापासून सांगायचा, मेहुण्याला कसं काढलं, का काढलं, कुणाचं चुकलं. कुणी न विचारताही सांगायचा. मी एकदा म्हणालो, "मिस्त्री, पुरे आता." तर म्हणाला, "छावनीतल्या सगळ्यांनी ऐकलं, कोन म्हंतंय?"

दगडू दर भाऊबीजेला यायचा. गॅरेजातून घरात जायला वाट होती, पण तो मागच्या गल्लीनं यायचा आणि तसाच जायचा.

मिस्त्रीला मी शेवटचं नीट पाहिलं ते अशाच एका भाऊबीजेच्या दुपारी. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकले होते. ऑपरेशनला तो तयार नव्हता. डोळा उघडून आत काय टाकतात ते कुणी बघितलंय, असं त्याचं म्हणणं. तरी डॉक्टरांची जुनी गाडी आली की ऑइल तोच भरणार. गाडी फळ्यांवर चढवलेली, तो मागं पोत्यावर बसलेला, एका हातानं ऑइल सोडतोय, दुसऱ्या हाताचं बोट भोकाशी. पण बोट आधीच ऑइलनं माखलेलं. आत्ताचं लागलं की मघाचं, त्याला कळेना. तो थांबला, पुन्हा चाचपलं, पुन्हा थांबला. मी उठणार तेवढ्यात समोरच्या दारातून दगडू आत आला. कपाळावर ओवाळल्याचं कुंकू, हातात टोपी. का आला, मी त्याला कधी विचारलं नाही. मिस्त्रीनं चालीवरून ओळखलं असावं.

"दगडू, काठाला आलं का बग रे," तो म्हणाला.

दगडू धोतर सावरून उकिडवा बसला, वाकून भोकात बघितलं. "आलं, दाजी."

मिस्त्रीचे ओठ हलले. कुठले दोन शब्द येणार होते ते मला माहीत होतं, दगडूलाही माहीत होतं. मी चहाचा कप धरून वाट बघत राहिलो. ते आले नाहीत. त्यानं नुसता हात पुढं केला, दगडूनं त्या हातावर बूच ठेवलं, आणि त्यानं ते चाचपडत आवळलं. पिवळ्या रंगाची कुपी दगडूकडं सरकवून तो म्हणाला, "रेघ तू वड."

कोण म्हणतंय, असं कुणी विचारलंच तर मी म्हणतोय. ऐकलेलं नाही. बघितलंय.